पाठीची चार बटणं

गेल्या जूनमध्ये मी पणजीत नवा रेनकोट घेतला. जाकीट वेगळं, पँट वेगळी, चेनवर चिकटणारी पट्टी, पाठीवर उजेडात चमकणारी रेघ. दुकानदाराने वरून बादलीभर पाणी ओतून दाखवायचं तेवढं बाकी ठेवलं. मी विचारलं, "हा उलटा घालता येतो का?" त्याने माझ्याकडे असं काही पाहिलं, की मी निमूटपणे पिशवी उचलली.

कोट चांगला आहे, खोटं कशाला बोलू. शिरगावजवळच्या आमच्या घरापासून पणजीपर्यंत पाऊस झोडपत असला तरी ऑफिसात पोचते तेव्हा माझी ओढणी कोरडी ठणठणीत असते. आणि तरी रोज सकाळी ती चेन गळ्यापर्यंत ओढताना माझं डोकं फिरतं. एका हाताने, दोन सेकंदांत, घरात कुणालाही हाक न मारता मी पावसाला तयार होते. मला ते आवडत नाही.

माझे बाबा डिचोलीच्या बसस्टँडवर पायलट होते. गोव्याबाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो आधी आकाशाकडे बघतो. आमच्याकडे पायलट म्हणजे भाड्याने मोटरसायकल चालवणारा. पुढचं मडगार्ड पिवळं आणि मागच्या सीटवर गिऱ्हाईक. बाबा मूळचे सीमेपलीकडले, दोडामार्गाकडचे. खाणीवर ट्रक चालवायला इकडे आले आणि इथलेच झाले. मी आठवीत असताना खाणी बंद पडल्या, लोकांच्या दारात ट्रक गंजत उभे राहिले, तेव्हा बाबांनी चार चाकं सोडून दोन चाकं धरली. त्याचं त्यांना फार वाईट वाटलं असेल असं मला आता वाटतं. तेव्हा मात्र गाडीवर बसायला मिळणार म्हणून मी नुसती नाचत होते.

त्यांचा रेनकोट पोटऱ्यांपर्यंत लांब, शेवाळी रंगाचा, आतून रबराचा वास येणारा. त्याला पाच बटणं. असा कोट मोटरसायकलवर सरळ घातला तर वारा बटणांच्या फटींतून पाणी आत ढकलतो आणि गाव सुटायच्या आत बनियन छातीला चिकटतं. म्हणून पायलट लोक तो उलटा घालत. पुढून अखंड कापड, बटणं पाठीवर. आता स्वतःच्या पाठीवर माणसाचा हात पोचणार कुठवर? मानेमागचं वरचं बटण तेवढं ज्याचं त्याला लावता येतं. खालची चार दुसऱ्या कुणाला तरी लावावी लागतात.

स्टँडवर पायलटांची ओळ असे. सर आली की सगळे कोट चढवत आणि प्रत्येकजण आपल्या मागच्याकडे पाठ करून उभा राही. मागचा पुढच्याची बटणं लावी, त्याच्या मागचा त्याची. शाळकरी मुली एकमेकींच्या वेण्या घालतात तसे हे मिशीवाले बाप्ये एकमेकांच्या पाठीशी खटपट करत. ओळीत जो सगळ्यात शेवटी असेल त्याच्या मागे कुणीच नसे. मग जो पहिला, तो गाडीवरून उतरून पार मागे जाई, शेवटच्याची चार बटणं लावी आणि परत आपल्या जागी येई. त्याशिवाय ओळ हलत नसे. गिऱ्हाईक कितीही कटकट करो.

एकदा चढवलेला कोट शक्यतो उतरवायचा नाही, कारण परत लावून देणार कोण? गिऱ्हाइकाने आग्रहाने घरात बोलावलं तरी बाबा बाहेर बाल्कांवातच, म्हणजे दारापुढच्या ओसरीवर, अंगावरून पाणी ठिबकत असताना उभ्याउभ्या चहा पीत. अपवाद एकदाच झाला. पेडण्याला पूजा सांगायला निघालेल्या एका भटजींची बस चुकली. तेवढ्या लांब कुणी पायलट करत नाही, पण तिकडे यजमान सोवळं नेसून वाट बघत बसलेला. कोलवाळच्या पुलावर भटजींनी मागच्या सीटवर बसल्याबसल्या छत्री उघडली. छत्री नदीत गेली आणि भटजी जाता जाता राहिले. पूजा होईपर्यंत यजमानांनी बाबांचा कोट खुंटीला टांगून ठेवला. निघताना त्याच भटजींनी एकेका बटणाला देवाचं एकेक नाव घेत चारी बटणं लावून दिली. ही गोष्ट बाबा दर पावसाळ्यात सांगत, आणि दर वर्षी भटजींचं पोट थोडं मोठं होई.

पावसातल्या गाडीचे त्यांचे नियम आम्हाला पाढ्यांसारखे पाठ होते. आमच्या बाजूच्या रस्त्यावर खाणीच्या लाल मातीचा थर असतो. मुसळधार पावसात त्याची भीती नाही, तो धुऊन जातो. भुरभुर पडते तेव्हा त्याचा साबण होतो, म्हणून भुरभुरीत सगळ्यात हळू जायचं. पुढच्या गाडीच्या चाकाने पाणी कापून दिलेलं असतं, तिच्या खुणेवरून चालायचं. पांढऱ्या पट्ट्यावर ब्रेक दाबायचा नाही. साचलेल्या पाण्यात कडेचं गवत दिसत नसेल तर शिरायचं नाही, मग भले स्वतःचं लग्न असो. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून तो प्लगवर टोपीसारखा चढवायचा. आणि मागे बसणाऱ्याने कोट उलटा घालायचा नाही, सरळच घालायचा.

"तुझ्या फुडे मी आसय मगे," बाबा म्हणत. "पाणी सगळा माझ्यार येतला. तुका बटणां फुडेच बरी."

कॉलेजला मी म्हापशाला जात असे. संध्याकाळी साडेपाचच्या बसने डिचोलीला उतरले की बाबा ओळ सोडून शेडखाली थांबलेले असत. मला बघितलं की कोट चढवून पाठ करत. "बाय, बटणां लाव गो." दुसऱ्या बटणाचं भोक सैल झालं होतं, ते सारखं निसटे, त्याला अंगठ्याने दाबून धरावं लागे. कोटाखाली त्यांची पाठ गरम असे. मग मी मागे बसून गाल त्या रबरी वासावर टेकवत असे आणि घर येईपर्यंत मला फक्त पावसाचा आवाज येई. पुढे मी बऱ्याच गाड्यांत बसले. त्या पाठीमागे जितकं निर्धास्त वाटलं तितकं पुन्हा कुठेच वाटलं नाही.

दुसऱ्या वर्षाला मला शिंगं फुटली. बसमधली एक मैत्रीण एकदा खिडकीतून बाबांकडे बघून हसली. "तुझो बाबा कोट उलटो घालता?" तिने सहज विचारलं असेल, पण माझे कान तापले. पिवळं मडगार्ड, उलटा कोट, स्टँडवर सगळ्यांसमोर बापाची बटणं लावणारी मी. तिच्या भावाने तिला नवी स्कूटर घेऊन दिल्यावर मी एका दुपारी बाबांना फोन केला आणि सांगितलं, "आज थांबू नका, मी मैत्रिणीबरोबर स्कूटरवरून येते."

"बरा," ते म्हणाले.

ते तरी थांबलेच होते, हे मला नंतर कळलं. साडेपाचची बस गेली, सहाची गेली, ओळीतले बाकीचे भाडी घेऊन पांगले. भुरभुर सुरू झाली तेव्हा स्टँडवर पायलट ते एकटेच होते. त्यांनी कोट घातला, हात मागे नेऊन वरचं बटण लावलं आणि निघाले. शिरगावच्या अलीकडच्या वळणावर कोटाचा उडता काठ मागच्या चाकात गुंतला. मी हॉस्पिटलात पोचले तेव्हा कोट अजून त्यांच्या अंगावर होता. त्यांना कुशीवर वळवलं तेव्हा मला पाठ दिसली. वरचं बटण लागलेलं, खालची चार उघडी.

मांडीचं हाड मोडलं होतं. त्यात सळई घातली आणि पाय जुळला, पण थोडा आखूडच राहिला. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला बाबा न विचारता सांगत, "बटणांचो काय संबंध? चिखल होतो थंय." मी खोलीत असले की हे जरा मोठ्याने सांगत. त्यांनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही, आणि त्याने मला जास्तच मेल्यासारखं व्हायचं. आईने कोटाचा फाटका काठ कापून टाकला, कोट वीतभर आखूड झाला आणि खुंटीवर गेला.

गाडी वर्षभर माडाच्या झावळ्यांखाली उभी होती. मग ती मी शिकले. बाबांनी मला खुर्चीत बसून, नुसत्या आवाजावरून शिकवलं. मी अंगणाबाहेरच्या रस्त्यावर आणि ते व्हरांड्यात. "आता दुसरो गियर घाल. रडता ती, घाल दुसरो." शेजारी हसत, पण महिन्याभरात मला चढावर गाडी बंद न पाडता नेता येऊ लागली. पुढे पणजीत नोकरी लागल्यावर मी ऑफिसला त्याच गाडीवरून जाऊ लागले. परवाना परत दिल्यावर मडगार्ड काळं रंगवलं, तरी ओरखड्यांतून पिवळं डोकावतंच. अजूनही बाजारात एखादी म्हातारी बाई पिशवी वर करून मला थांबवते. एकीला तर मी मुलगी आहे हे कळूनही काही फरक पडला नाही. ती सरळ मागे चढून बसली आणि मी तिला मुकाट घरी सोडलं.

पावसाळ्यात मी बाबांचाच कोट घालू लागले, अर्थात उलटा. सकाळी त्यांच्या खुर्चीसमोर पाट ठेवून त्यांच्याकडे पाठ करून बसायचं. ते वरपासून खालपर्यंत पाचही बटणं लावत. वरचं माझं मला लावता येतं असं सांगितलं तरी ऐकत नसत. सैल भोकाच्या बटणाला दोरा गुंडाळून त्यांनी त्याची मान जाड केली होती. शेवटी पाठीवर थाप मारत, म्हणजे मी उठायचं.

त्या दिवसांत मला एकच गोष्ट हवी होती. बाबांनी एकदा माझ्या मागे बसावं. बाजारापर्यंत का होईना. ते मागे बसले की त्या संध्याकाळचं सगळं फिटलं, असं मी मनाशी धरून बसले होते. सांगताना वेगळंच काहीतरी सांगत असे, की तुम्हाला तेवढंच बाहेरचं वारं लागेल.

"पायलट मागे बसत नाय," ते म्हणत. कधी हसून, कधी न हसता. बसने जात, रिक्षाने जात, एकदा भाजीच्या टेम्पोत पुढे बसून गेले, पण माझ्या मागे नाही. तीन पावसाळे मी विचारत राहिले.

चौथ्या पावसाळ्यात त्यांच्या पायातली सळई दुखू लागली. पणजीच्या हॉस्पिटलात दाखवायची तारीख मिळाली होती आणि नेमकं त्याच सकाळी खालच्या रस्त्यावर पाणी आलं. बस नाही, रिक्षावाला फोन उचलेना. बाबा व्हरांड्याच्या कठड्याला धरून बराच वेळ रस्त्याकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "काढ गाडी."

त्यांना दुखत होतं आणि मला आनंद झाला होता. लाज वाटावी इतका झाला होता. आकाश तेवढं उघडलेलं, म्हणून दोन्ही कोट डिकीत घातले. माझ्या अंगावर त्यांचा जुना असे, त्यांच्यासाठी तसलाच एक मी स्टँडवरच्या दुकानातून शोधून आणला होता, कधीतरी ते बसतील म्हणून. आईने त्यांना हाताला धरून सीटवर बसवलं आणि आम्ही वरच्या रस्त्याने निघालो.

बाबांना मागे बसता येत नव्हतं. प्रत्येक वळणावर त्यांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबायचा आणि गाडी डळमळायची. हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. ते त्यांनी स्वतःच्याच गुडघ्यांवर ठेवले होते. आमोण्याला पुलाच्या अलीकडे पोचलो तेव्हा मांडवीवरून सर येताना दिसली. मी एका बंद गाड्याच्या पत्र्याखाली थांबले, उतरून कोट चढवला आणि पाठ केली. बाबांनी सीटवर बसूनच पाची बटणं लावली आणि थाप मारली. मी किल्ली फिरवली. ते मागे त्यांचा कोट घालत होते. "चल, चल, सर इली," ते म्हणाले, आणि मी निघाले. मी मागे वळून बघितलं नाही.

पुलावर वारा आडवा होता. मी पुढच्या ट्रकच्या चाकाच्या खुणा धरून, पांढरे पट्टे टाळत, एका चालीने गाडी नेली. बाबा काही बोलले नाहीत, आणि त्यांच्याकडून यापेक्षा मोठी शाबासकी मिळत नाही हे मला ठाऊक होतं. पुलाच्या मध्यावर त्यांचा एक हात माझ्या खांद्यावर आला. पलीकडे उतरेपर्यंत त्यांचा पाय ब्रेक दाबायचा थांबला होता. पणजी अजून लांब असती तर बरं, असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

हॉस्पिटलच्या पायऱ्यांशी मी त्यांना उतरवलं. ते कठडा धरून लंगडत माझ्या पुढे चढू लागले आणि मला त्यांची पाठ दिसली. कोट उलटा घातलेला होता. वरचं बटण लागलेलं, खालची चार उघडी, आणि आतला शर्ट मानेपासून कमरेपर्यंत भिजून पाठीला चिकटलेला.

"बाबा, उलटो कित्याक घातलात? मागे बसणाऱ्यान सरळ घालूचो, तुमीच सांगलात मा?"

ते थांबले. "सवय गो. हात आपसूक तसोच गेलो."

"मगे सांगूचा होता. मी उतरून लावलंय असतंय."

"तू गाडी चालू केल्लस," ते म्हणाले. "चालवणाऱ्याक खाली उतरवचा नसता." आणि पुढची पायरी चढले.

स्टँडवर पहिला उतरत असे. त्यांच्याच ओळीत पहिला उतरून शेवटच्याकडे जात असे, हे मी आठवीपासून बघत आले होते आणि हे त्यांनाही माहीत होतं. आम्ही दोघंच होतो. पुढे मी, मागे ते, आणि त्यांच्या मागे कुणी नाही. मला ते मागे बसल्याचा इतका आनंद झाला होता की मी हे विसरले. हॉस्पिटलच्या बाकावर बसवून मी त्यांचा कोट काढला. माझी ओढणी कोरडी ठणठणीत होती. तिनेच मी त्यांची पाठ पुसली. ते पोरासारखे पुढे वाकून बसून राहिले आणि समोरच्या बाईला सांगू लागले, "पुलार काय वारो होतो, पण माझ्या चेडवान गाडी कशी आणली."

दुपारी बस सुरू झाल्या आणि ते बसने घरी गेले. त्यानंतर मी त्यांना पुन्हा मागे बसायला कधी विचारलं नाही. मला वाटलं, पुढचा पावसाळा आहेच. दिवाळीनंतर एका सकाळी चहा पिता पिता ते गेले. हृदयाचं दुखणं होतं, पावसाचा काही संबंध नाही, असं डॉक्टर म्हणाले. तरी मला अजून ती ओली पाठ दिसते. पुढच्या जूनमध्ये मी तो कोट खुंटीवरून काढला, अंगात घातला, आणि मग आठवलं की खुर्चीत कुणी नाही. आईला हाक मारली असती तर तिने लावली असती. मारवली नाही. म्हणून हा चेनवाला.

आता डिचोलीच्या स्टँडवर पायलटांची ओळ कुठली, दोघे-तिघे असतात. तेही जाकीट घालून मोबाइल बघत बसलेले. गेल्या ऑगस्टमध्ये मी ऑफिसातून परतताना भुरभुर चालू होती. शेडच्या टोकाला एक वयस्क पायलट एकटाच उभा होता. त्याने लांब कोट उलटा चढवला होता आणि त्याचे दोन्ही काठ पाठीवर उघडे फडफडत होते. मी पुढे गेले. बाजाराच्या वळणापर्यंत गेले आणि गाडी परत फिरवली.

मी उतरून जवळ गेले तेव्हा त्याला वाटलं भाडं आलं. "खंय वचपाचें गो बाय?"

"खंयच ना," मी म्हटलं. "बटणां उगडीं आसात."

त्याने माझ्याकडे बघितलं, माझ्या गाडीच्या मडगार्डकडे बघितलं, आणि काही न विचारता पाठ केली. मी खालून सुरुवात केली. एक, दोन, तीन, चार. भोकं घट्ट होती, कोट फार जुना नसावा. वरच्या बटणाला हात घातला तेव्हा तो म्हणाला, "तें हांव लायतां. तूं वच, भिजतली."

मी भिजत नव्हते. तो हात मागे नेऊन मानेपाशी चाचपडत होता. ते लागेपर्यंत मी तिथून हलले नाही.